लिहिताना तोंड बंद ठेवू नका: अक्षरांच्या नादाची पायरी-पायरीने ओळख

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कुठल्याही गल्लीतून चालत जा, घराघरातून एकच आवाज येतो, कूलरचा. नव्याने लिहिणारे बहुतेक जण तो "कूलरचा आवाज येत होता" एवढ्यावर उरकतात. वाक्यात खोट काही नाही, फक्त वाचणाऱ्याच्या कानात काही वाजत नाही. "कूलर घरघरत होता" म्हटलं की मोटर सुरू होते. "खडखडत होता" म्हटलं की यंदाही बेअरिंग बदललेलं नाही हे कळतं. "टिपटिप" लिहिलं की पंप चालू आहे आणि ताट्या ओल्या आहेत. "फरफर" लिहिलं की टाकीतलं पाणी संपलं, नुसती गरम हवा येतेय. मशीन एकच, अक्षरं बदलली तशी बातमी बदलली.

हा लेख त्या अक्षरांबद्दल आहे. कथा लिहिणाऱ्यांना, भाषण तयार करणाऱ्यांना, घरच्या लग्नाची पत्रिका गळ्यात पडलेल्यांना, सगळ्यांना तो चालेल. सामान फार लागत नाही: एक वही, पेन्सिल, आणि पुटपुटलं तरी "काय झालं रे?" असं कुणी विचारणार नाही अशी जागा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण या विषयावर हवेतलं बोलणारे पुष्कळ भेटतात. सुट्या अक्षराला अर्थ नसतो. 'म' म्हणजे माया, असं कुणी सांगितलं तर त्याला 'मारामारी'तले दोन म दाखवा. 'मरण' या शब्दात एकही कठोर अक्षर नाही. अर्थ शब्दाचा आणि वाक्याचा असतो. नाद त्या अर्थाच्या पाठीशी उभा राहतो, नाहीतर त्याच्या पायात येतो. म्हणून काय सांगायचं ते आधी ठरवा. नादाचं काम दुसऱ्या खर्ड्यात.

पहिली पायरी: वर्णमाला तोंडात फिरवून बघा

शाळेत घोकलेली वर्णमाला हा खरं म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ण सावकाश म्हणा. जीभ घशाकडून पुढे पुढे येत शेवटी ओठांपर्यंत पोचते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही नावं पाठ नसली तरी चालेल, जागा कळल्या पाहिजेत.

आता तळहात तोंडासमोर धरून क आणि ख म्हणा. ख म्हणताना हातावर वारा लागेल. हे महाप्राण. मग दोन बोटं गळ्यावर ठेवून क आणि ग म्हणा. ग म्हणताना गळा थरथरेल. हे घोष. शेवटी नाक चिमटीत धरून म, न, ण म्हणून बघा, म्हणताच येणार नाहीत. हे नाकातले.

जागा, वारा, थरथर, नाक. पुढचं सगळं या चार गोष्टींवर उभं आहे. अर्धा तास द्या, पुरे.

एक फसवी जागा तेवढी लक्षात ठेवा. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. 'चंद्र'मधला च टाळूला लागतो, 'चांदणं'मधला दातांकडे येतो. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ एकच दिसतो, म्हणताना वेगळा. त्यामुळे "चंद्राचं चांदणं चौकात" असा अनुप्रास साधला म्हणून खूश होऊ नका, तो थोडा कानाला आणि बाकी डोळ्याला आहे. नागपुरात ही अडचण जास्त जाणवते. आपल्याकडे अर्धं बोलणं हिंदीतून चालतं आणि हिंदीत हा दातांकडचा च नाहीच. शेजारी-मित्र हिंदीवाले असले की 'चोर', 'चूल', 'चव' सगळेच टाळूला चिकटतात. आधी आपला च तपासा, मग अनुप्रास जुळवा.

दुसरी पायरी: घरातल्या आवाजांची वही

इथे घाई करू नका. मराठीतली सगळ्यात मोठी श्रीमंती इथे आहे आणि ती आयती मिळालेली आहे. किणकिण, खळखळ, टपटप, गडगड अशा शब्दांची एक वही करा. शब्दकोश उघडायची गरज नाही; स्वयंपाकघर, बाथरूम, रस्ता, आजीचं गुडघ्यांचं गाऱ्हाणं, एवढ्यात पानं भरतात.

वही भरत आली की शब्द चढत्या क्रमाने लावा. किणकिण, खणखण, घणघण. बांगड्या किणकिणतात, रुपया खणखणतो, देवळातली घंटा घणघणते. क-चा ख झाला तेव्हा वारा वाढला, घ झाला तेव्हा गळ्यातली थरथरही आली, आणि वाजणारी वस्तू तशी तशी जड होत गेली. पहिल्या शब्दात इ होती, ती जाऊन अ आला, हेही बघा. तसंच टिपटिप, टपटप, धबधब. नळ गळतो, वळचण गळते, पाणी कोसळतं. खुळखुळ लहान मुलाच्या हातात, खळखळ ओढ्यात.

हे असं का, याचं कारण साधं आहे. लहान वस्तू बारीक आवाज करते, मोठी वस्तू जाड आवाज करते. इ म्हणताना तोंडातली पोकळी लहान होते आणि सूर बारीक निघतो. आ म्हणताना जबडा उघडतो. तोंड स्वतःच वस्तूची नक्कल करतं.

आता शब्दाचा शेवट बघा. माझ्या मते नव्या लिहिणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. शेवटी ळ किंवा र असेल तर हालचाल चालूच राहते: झुळझुळ, सळसळ, झरझर, सरसर. शेवटी ण असेल तर आवाज उठल्यावर हवेत रेंगाळतो: किणकिण, झणझण, भणभण, सणसण. शेवटी ट, क, प असेल तर एक ठोका पडतो आणि संपतो: खटखट, टकटक, टपटप. ड असेल तर काहीतरी ओबडधोबड लोळत किंवा आपटत जातं: गडगड, खडखड, धडधड. स असेल तर घासलं जातं: घसघस, खसखस. अपवाद निघतील, ते वहीत वेगळे लिहा, पण हा आडाखा बऱ्याच ठिकाणी लागू पडतो.

याच्या पुढची गंमत अशी की जिथे आवाजच नाही तिथेही मराठी हाच साचा वापरते. दिवा वाजत नाही, तरी तो मिणमिणतो. तारे लुकलुकतात, दागिने लखलखतात, चूल ढणढण पेटते. मिणमिण म्हणताना ओठ मिटतात आणि आवाज नाकात जातो. ढणढण म्हणताना वारा आणि थरथर दोन्ही लागतात. भाषावैज्ञानिक मरे एमेनो यांनी १९६९ साली लिहिलेल्या एका निबंधात दाखवलं की असे जोडून येणारे शब्द भारतातल्या आर्य आणि द्राविडी अशा दोन्ही कुळांतल्या भाषांमध्ये सापडतात, म्हणजे हा या भूभागाचाच गुण आहे. आपल्याकडे ते बोलीत खच्चून भरलेले असतात आणि लिहायला बसलं की माणसं ते गावंढळ समजून गाळतात. गाळू नका.

दुखण्याचे शब्द या वहीत आवर्जून घ्या. खरचटलेलं चुरचुरतं. दाढ ठणकते. कंबरेतून सणक जाते. गळू ठुसठुसतं. 'वेदना होत आहेत' यात चारही मावतात आणि एकही दिसत नाही. चुरचुरमध्ये च आणि र आहेत, दुखणं कातडीवर पसरलेलं. ठणकमध्ये ठ-चा ठोका, मग ण-चा नाद, मग क-वर आपटणं, आणि पुन्हा पहिल्यापासून. सणक स-ने सरकत येते आणि क-वर तुटते. ठुसठुसमधला उ तोंड मिटवतो, दुखणं आत कोंडलेलं. कथेतल्या म्हाताऱ्याला नुसतं आजारी पाडण्यापेक्षा त्याला नेमकं काय होतंय ते यातून निवडा.

मनाच्या आतल्या गोष्टींसाठी मराठी वारंवार ळ-कडे वळते हेही वहीत दिसेल: तळमळ, हळहळ, कळकळ, खळबळ. जीभ मागे वळते, फडकते, सुटते आणि पुन्हा वळते, तशी न संपणारी हालचाल. पोटातली मळमळ आणि छातीतली जळजळ याच घरातल्या.

आणि सुरुवातीची घरघर आठवा. हा शब्द कूलरला चालतो, जात्याला चालतो, पण "घरघर लागली" म्हटलं की मराठी माणसाला शेवटचा श्वास ऐकू येतो. नादाच्या शब्दाला त्याचा पूर्वेतिहास असतो. आजारी आजोबांच्या खोलीतला कूलर घरघरवला तर वाचणारा दचकेल. दचकवायचं असेल तरच तसं लिहा.

तिसरी पायरी: स्वर, लहान आणि मोठे

इवलासा, चिमुकला, पिटुकला, किंचित, टिचभर. आता आडदांड, थोराड, अवाढव्य, दांडगा. पहिली रांग म्हणताना ओठ ताणलेले आणि तोंड जवळजवळ मिटलेलं राहतं, दुसरी म्हणताना जबडा खाली येतो. एडवर्ड सपीर या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९२९ साली लोकांना 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द देऊन विचारलं की यातलं मोठं टेबल कोणतं आणि लहान कोणतं. बहुतेकांनी 'माल'ला मोठं ठरवलं. त्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी आकारांबद्दल तसंच विचारलं. एक टोकदार, एक गोलसर. 'ताकेते' हे नाव टोकदार आकाराला मिळालं आणि मऊ अक्षरांचं नाव गोल आकाराला. पुढे हाच प्रयोग 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी गाजला, आणि २५ भाषा बोलणाऱ्यांवर केला तेव्हा सरासरी ७२ टक्के लोकांनी किकी टोकदार, बूबा गोल असंच उत्तर दिलं. तुर्की, रोमानियन आणि मँडरिन बोलणाऱ्यांत मात्र तो कल दिसला नाही.

हा आकडा मुद्दाम देतोय. ७२ म्हणजे शंभर नव्हे. मराठीतच बघा, 'विशाल' आणि 'विराट' इ-ने सुरू होतात, आणि 'लहान', 'बारका' यांत चांगला मोठा आ आहे. म्हणजे कल आहे, कायदा नाही. एकाच अर्थाचे दोन शब्द समोर असतील तेव्हा हा कल वापरा. पोरगं बारकं दाखवायचं असेल तर 'लहानसा मुलगा'पेक्षा 'चिंगुळं पोर' आधीच निम्मं काम करतं.

चौथी पायरी: व्यंजनांचा पोत

हा शोध आपल्याकडे जुना आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाश'मध्ये माधुर्य, ओज (जोश) आणि प्रसाद (सहज समजणं) हे तीन गुण सांगितले आणि कुठली अक्षरं कुठल्या गुणाला साथ देतात तेही नोंदवलं. माधुर्याला ट, ठ, ड, ढ नकोत. आपल्याच वर्गातल्या अनुनासिकाशी जुळलेलं व्यंजन हवं, जसं अंगण, चंदन, कुंज. ओजाला जोडाक्षरं, रफार, ट-वर्ग आणि श, ष हवेत. शाळेत हे तीन गुण परीक्षेपुरते शिकवले जातात आणि तिथेच राहतात.

करून बघा. सकाळी मुलाला उठवायचं आहे.

"ऊठ! आटप पटकन. डबा घे, पट्टा लाव, फाटकाशी ऑटो थांबलाय."

"ऊठ रे राजा, उन्हं आली बघ अंगणात, चल, मी आलेच."

पहिल्या आईच्या तोंडात ट, ठ, प, ड एकापाठोपाठ आदळतात. दुसरीकडे र, ल, न, म, ग आणि उघडे स्वर आहेत. दोघींनाही मुलगा उठायला हवा आहे. कुणी चिडलंय हे सांगायला 'ती चिडून म्हणाली' असं लिहायची गरज पहिल्या वाक्यात उरलेली नाही. संवादात 'रागाने', 'प्रेमाने', 'हळुवारपणे' असे शब्द सारखे येत असतील तर संवादातली अक्षरं कमी पडतायत असं समजा.

सावजी रश्श्याबद्दल लिहिणाऱ्यांनीही हे बघावं. 'तिखट' हा नुसता निरोप झाला. 'झणझणीत'मध्ये झ आणि ण दोनदा वाजून कानापर्यंत जातात, आणि रस्सा खाल्ल्यावर कानच तर तापतात. तर्री पोह्यांवर मात्र झणझणीत उधळू नका. तिथे शेवेचं 'कुरकुरीत' आणि तर्रीचं 'लालभडक' आधी येतं.

पाचवी पायरी: लांब, आखूड आणि शेवटचा स्वर

इथवर एकेका अक्षराचं बोललो. आता रांगेचं. दीर्घ अक्षरं ओळीने आली की वाक्य जड पावलांनी चालतं, ऱ्हस्व आली की धावतं. याचा उत्तम नमुना आपल्या अगदी जवळचा आहे. नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं बरेच अभ्यासक मानतात, आणि कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ १९९७ साली तिथेच सुरू झालं. मेघदूत सगळं मंदाक्रांता वृत्तात आहे. दर ओळीत १७ अक्षरं. पहिली चार गुरू (लांब), तिथे थांबा. मग पाच लघू (आखूड) आणि एक गुरू, पुन्हा थांबा. मग सात अक्षरं गुरू-लघू मिसळलेली. गा गा गा गा, ल ल ल ल ल गा, गा ल गा गा ल गा गा. टेबलावर बोटांनी वाजवून बघा. जड पावलं, मग एकदम धाव, मग पुन्हा रेंगाळणं. घरापासून दूर पडलेल्या यक्षाचं मन याच चालीने चालतं, आणि संस्कृत येत नसलं तरी ही चाल बोटांना कळते.

गद्यात मात्रा मोजत बसायचं नाही. एवढंच करा: घाईचा प्रसंग असेल तर "भरभर उरकून, दप्तर उचलून तो पळत निघाला" असं ऱ्हस्व चालू द्या, रेंगाळायचं असेल तर "आता जाऊ दे ना रे बाबा" असं. आणि भराभर चाललेल्या परिच्छेदात मध्येच 'त्या पार्श्वभूमीवर' किंवा 'कार्यवाहीच्या दृष्टीने' आलं तर ते काढा, गाडी खड्ड्यात जाते.

वाक्याचा शेवट उघडा आहे की बंद, हे फार कमी लोक बघतात. स्वरावर संपलेला शब्द हवा तितका ताणता येतो, व्यंजनावर संपलेला तिथेच मिटतो. हुकूम बघा: ऊठ, बस, चूप, थांब, हट, निघ. सगळे बंद. विनवण्या बघा: ये ना, दे ना, सांग ना गे. उघड्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेले जाणारे मोठे पुतळे, निघतात तेव्हा महाल-इतवारीच्या गर्दीत उभं राहून आरोळी ऐका: "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" 'इडा पिडा'चे दोन ड ठोके देतात, 'जा गे'वर हजार माणसं मनसोक्त आवाज ताणतात, आणि 'मारबत'चा त टाळी पडावी तसा बंद होतो. ही आरोळी कुणी टेबलावर बसून रचली नसेल. ओरडणाऱ्यांच्या तोंडात घासून ती अशी झाली. 'मारबत' आधी घेऊन "मारबत जा गे" असं ओरडून बघा, जोर कुठे जातो ते कळेल. घोषणा, भाषणाचा शेवट, मुलांच्या नाटकातलं शेवटचं वाक्य लिहिताना हे आठवा.

मराठी गद्याची एक जुनी खोड इथेच सांगतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सगळी वाक्यं होतं, होता, होती, होते यांवर संपतात. पानभर त्याच नादाची ठोकपट्टी. आपल्या लिखाणाचं एक पान घ्या आणि फक्त वाक्यांचे शेवटचे शब्द मोठ्याने वाचा. कंटाळा आला तर वाचणाऱ्यालाही येणार. उपाय सोपे आहेत: काही ठिकाणी 'होतं' गाळा ("अंगणात चिटपाखरू नाही"), काही ठिकाणी क्रियापद मध्ये आणा ("निघाला तो तडक"), काही वाक्यं नामावरच थांबवा.

सहावी पायरी: दोन कान

नागपूरच्या लिहिणाऱ्याला पुस्तकी मराठीचा एक कान आणि बोलीचा दुसरा कान फुकट मिळतो. आपल्याकडच्या बोलीत ळ-चा य होतो: डोळे डोये, काळा काया, आभाळ आभाय, जवळ जवय. ण-चा न होतो: पाणी पानी. आणि ड-चा ळ होतो: गाडी गाळी, थोडं थोळं. नादाच्या बाजूने बघा. मागे वळणारा ळ जाऊन घसरता य आला की शब्द मऊ होतो. "तिचे डोळे भरून आले" यात एक अडथळा आहे, जीभ वळून फडकते. "तिचे डोये भरून आले" हे वाक्य अडथळ्याशिवाय वाहतं. आजीच्या तोंडी हे दुसरं वाक्य काय करेल ते वेगळं सांगायला नको.

पण बोली चवीपुरती भुरभुरवू नका. एकच पात्र एका वाक्यात 'मले' आणि पुढच्यात 'मला' म्हणायला लागलं की नागपूरचा वाचणारा लगेच पकडतो. "काय बे पोट्टे हो" एवढं लिहिलं की वऱ्हाडी झाली, असा एक समज टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी पसरवला आहे, त्यावर जाऊ नका. भंडारा-गोंदियाकडचं माणूस असेल तर झाडीबोलीचा कान वेगळा, तो त्या माणसांत बसूनच कळतो. निवेदन पुस्तकी आणि संवाद बोलीत, ही जुनी वाटणी अजूनही नव्या माणसाला सगळ्यात सुरक्षित. पुढे हात बसला की ती मोडा.

सातवी पायरी: एक परिच्छेद घासून बघा

आता सगळं एकत्र. हा पहिला खर्डा:

"मृगाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी अचानक जोरदार पाऊस सुरू झाला होता. आमच्या टिनाच्या छपरावर पावसाचा खूप मोठा आवाज होत होता. आई वाळत घातलेले कपडे काढण्यासाठी धावत गेली होती. लाइन गेली होती."

आणि हा दुसरा:

"आधी एक टप. मग इकडे टप, तिकडे टप, आणि बघता बघता टिनावर तडतडाट. आई धावली. दोरीवरचं ओढत, ओरबाडत, अर्धं चिखलात, अर्धं खांद्यावर. लाइन गेली. टिनाखाली आता एकमेकांचं बोलणंही ऐकू येईना."

काय केलं ते बघा. चार वाक्यांच्या शेवटचे चार 'होता-होती' गेले. 'अचानक', 'जोरदार' आणि 'खूप मोठा' हे तिन्ही शब्द गेले, कारण टप-पासून तडतडाटापर्यंतचा चढ ते काम करतो. टप बंद होतो म्हणून थेंब सुटा ऐकू येतो. तडतडाटातला आ उघडतो म्हणून पाऊस पसरतो. 'ओढत, ओरबाडत'मध्ये ढ आणि ड ओढाताण करतात. 'लाइन गेली' दोनच शब्दांचं ठेवलं, कारण लाइन तशीच जाते. शेवटच्या वाक्यात मात्र एकही नादाचा शब्द नाही, आणि तो मुद्दाम टाळलाय. सलग पाच वाक्यं वाजवल्यावर सहावं साधं हवं, नाहीतर वाचणाऱ्याचे कान किटतात.

नाद कुठे नको हेही याच पायरीवर बघून घ्या. अपघाताच्या बातमीत "धडधाकट तरुणाला धडधडत्या ट्रकची धडक" असं लिहिलं की मेलेल्या माणसाची थट्टा होते. श्रद्धांजलीत "त्यांच्या अचानक जाण्याने, आमच्या घराण्याने" असं नकळत यमक जुळतं आणि लोक गंभीर चेहऱ्याने हसू दाबतात. तिथे 'घराण्या'ऐवजी 'कुटुंब' घाला, संपलं. 'विकास, विश्वास, विजय' छापाचा अनुप्रास निवडणुकीच्या फलकांसाठी सोडून द्या. अर्ज, नोटीस, औषधाच्या सूचना यांत फक्त एवढं पाहा की ओळ वाचताना जीभ अडखळत नाही ना.

दुकानाच्या किंवा घरगुती धंद्याच्या नावासाठी विचारणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात: नाव फोनवर एकदा सांगून समोरच्याला कळलं पाहिजे, आणि हाक मारल्यासारखं म्हणता आलं पाहिजे. स्वरावर संपणारं नाव रस्त्याच्या पलीकडून ओरडायला बरं पडतं. पापडाच्या उद्योगाला ट, ड, प चालतील, अंगाई-झबल्यांच्या दुकानाला कमी चालतील.

आठवी पायरी: दुसऱ्याच्या तोंडून ऐका

आपलं लिखाण आपण वाचतो तेव्हा अडखळत नाही, कारण पुढचा शब्द आपल्याला माहीत असतो. म्हणून ते दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. लिहिणारा-वाचणारा मित्र नको, तो तुमच्या वतीने सावरून घेईल. घरातलं कुणीही चालेल; कॉलेजमधली भाची, रिटायर झालेले काका. आधी वाचायला देऊ नका, थेट मोठ्याने वाचायला सांगा. तुमच्या हातात दुसरी प्रत आणि पेन्सिल ठेवा. जिथे वाचणारा अडखळेल, मागे जाऊन पुन्हा वाचेल, किंवा चुकीच्या जागी श्वास घेईल, तिथे खूण करा. मध्ये बोलू नका, उच्चार दुरुस्त करू नका, "तिथे जरा थांबून वाच ना" असंही सांगू नका. वाचून झालं की चहा द्या, आणि "कसं वाटलं?" हे विचारायच्या आधी खुणा केलेली वाक्यं घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर जा: जागा, वारा, थरथर, नाक, यातलं काय तिथे एकमेकांवर आदळतंय ते बघा.